चातुर्मासातले खून

आषाढ सरत आला की आमच्या जव्हारला ढग रस्त्याने चालू लागतात. समोरच्या दुकानाची आधी पाटी पुसली जाते, मग शटर, मग शटरखाली बसलेला माणूस. तो दिसेनासा झाला तरी खोकल्यावरून कळतं, आहे, जागेवरच आहे. घरात मिठाला पाणी सुटतं. काडेपेटीतल्या काड्या घासून घासून टकल्या होतात. दोरीवरच्या साड्या वाळायचं नाव घेत नाहीत, त्यांच्यात ढग राहायला आलेला असतो. अशा दिवसांत देवळातून परतताना बायका एकमेकींना विचारतात, यंदा काय सोडलंत? कुणी कांदा-लसूण सोडलेला असतो, कुणी गादी, कुणी चप्पल. चातुर्मासाचा नेम ही आमच्याकडची पावसाळी विचारपूसच. माझ्यावर पाळी आली की मी हसते आणि छत्री उघडते. छत्री उघडलेल्या बाईला कुणी फार विचारत नाही.

यंदा मात्र प्रश्न फोनवरून आला. लेक पुण्याला नोकरीला असते. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी वाचनाचं चॅलेंज घेतलंय. दर महिन्याला वेगळ्या जातीचं पुस्तक वाचायचं आणि ग्रुपवर त्याबद्दल चार ओळी टाकायच्या. त्यात तिने मलाही ओढलं. आत्मचरित्र झालं, प्रवासवर्णन झालं, एक कवितांचंही झालं. त्यातलं निम्मं मला कळलं आणि निम्मं आवडलं, आणि ती दोन निम्मी वेगवेगळी होती. मला या चॅलेंजचं नवल वाटलं नाही. पुण्याच्या पोरींनी चातुर्मासच मांडलाय, फक्त सोडायच्या ऐवजी धरायचं ठरवलंय. पण श्रावणाच्या तोंडावर लेक म्हणाली, आई, या महिन्यात रहस्यकथा. भयंकर नकोत, त्या उबदार असतात ना, तसल्या. एखादं लहानसं गाव, बेकरी, मांजर, सगळीकडे नाक खुपसणारी एक बाई, आणि चहा पिता पिता सापडणारा खुनी. मी म्हटलं, मी तसलं वाचत नाही. ती म्हणाली, का गं? मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला.

दूध फ्रीजमध्ये होतं.

आता सांगूनच टाकते. तसलं मी वाचत असे. एका चातुर्मासात तर अधाशासारखं वाचलं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा पावसाळा होता, आणि त्याच पावसाळ्यात माझ्या नणंदेचं बाळ पोटातच गेलं. ही दोन वाक्यं मी पंचवीस-सव्वीस वर्षं एकमेकांशेजारी ठेवून बसले होते. बाहेरच्या कुणाला त्यांचा संबंध दिसला नसता. मला मात्र दुसरं काही दिसतच नव्हतं.

आमचं किराण्याचं दुकान. दुकान पुढे, घर मागे, मध्ये गोणींची खोली. पुड्या बांधायला रद्दी लागते. ती ह्यांच्याकडे वजनावर यायची: वर्तमानपत्रं, परीक्षा झालेल्या पोरांची गाइडं, आणि मधूनच कुठल्या तरी शहरातल्या कुणाच्या तरी घरातून निघालेली पुस्तकं. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, या घरात पोथ्या सोडल्या तर छापलेलं काही नाही. मग एकदा गूळ फोडताना रद्दीच्या गठ्ठ्यातून एक पुस्तक डोकावलं. कव्हर गेलेलं, पहिली काही पानंही गेलेली, त्यामुळे गोष्ट थेट मेलेल्या माणसापासूनच सुरू होत होती. कोण होता, कसा मेला, हे गोणीला टेकून उभ्या उभ्या वाचलं. गूळ तिकडे आपला पाझरत राहिला.

रडवणाऱ्या कादंबऱ्या मी खुशाल पुड्यांना जाऊ देत असे. रडण्यासाठी पुस्तक कशाला लागतं? रहस्यकथा तेवढ्या काढायच्या आणि डाळीच्या पिंपामागे ठेवायच्या. त्यातही मला आवडायच्या त्या रक्त न दाखवणाऱ्या. कुठल्या कुठल्या देशांतून मराठीत आलेल्या, कुणी केल्या होत्या कोण जाणे. माणूस मरतो, पण गाव चालू राहतं. कुणी पाव भाजतं, कुणी गुलाबांना खत घालतं, कुणी कुणाच्या मुलीचं लग्न मोडू पाहतं. आणि शेवटी कुणीतरी सगळ्यांना एका खोलीत बसवून सांगतं की हे असं असं झालं. आमच्या घरात कुणी कुणाला बसवून काही सांगत नसे. मी तर नाहीच नाही. मी न बोलणारी सून म्हणून नावाजलेली होते. लोक त्याला सोशिकपणा म्हणत. खरं म्हणजे भिडस्त होते, आणि भिडस्त माणूस खोटं फार सहज बोलतो.

नणंद म्हणजे वासंती, ह्यांची धाकटी बहीण. माझ्याच वयाची. मोखाड्याला दिलेली. मी तिला वन्सं म्हणायचे. आमच्या पिढीत हे कुणी म्हणत नाही. आधी थट्टेने म्हटलं, मग तेच तोंडी बसलं. तोंडाने 'तुम्ही', मनात 'तू'. दोनदा तिचं पोट राहून गेलं होतं. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडून राहायचं. पावसात मोखाड्याचा रस्ता कधी झाड पडून बंद होईल, कधी दरड येईल, सांगता येत नाही. म्हणून आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला आषाढ लागायच्या आधीच इकडे आणून ठेवलं. मागच्या खोलीत खाट घातली, पायथ्याच्या बाजूला खाटेखाली विटा लावल्या. खिडकीतून एरवी पलीकडची दरी दिसते. पावसाळ्यात दरीच्या जागी नुसता पांढरा भात उतू गेल्यासारखा ढग.

एकादशीला आईंनी सगळ्यांना देवापुढे बसवलं. म्हणाल्या, प्रत्येकाने आपल्या जिवाची एक गोष्ट कार्तिकीपर्यंत सोडायची. नावडतीची नको, देवाला कळतं. माझ्या पोरीची कूस भरू दे. स्वतः त्यांनी चहा सोडला. सकाळी पहिल्या बशीवर फुंकर घालणाऱ्या आईंना ज्यांनी पाहिलंय, त्यांनाच त्या सोडण्याची किंमत कळेल. ह्यांनी तंबाखू सोडली. मग माझ्या हातावर पळीभर पाणी आलं.

माझ्या जिवाची गोष्ट पिंपामागे होती. शब्द ओठापर्यंत आला होता. पण ती सोडते म्हणायचं तर आधी ती आहे हे सांगायला हवं. तुमची सून डाळ निवडायच्या नावाखाली गोणींच्या खोलीत खुनाच्या गोष्टी वाचत बसते, हे देवासमोर, सगळ्या घरासमोर कसं सांगायचं? मी म्हटलं, खीर.

शेवयांची खीर. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात आईंनी वाढली आणि मी भिडेपोटी, फार छान झालीय, म्हणून गेले. झालं. तेव्हापासून खीर केली की माझ्या पानात दोन वाट्या. मला ती गिळगिळीत शेवई घशाखाली उतरत नसे. पण ते सांगायची वेळ टळली ती टळलीच. आता मी खीर सोडली तर आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या आवडीची सोडलीस गं, एवढंच त्या म्हणाल्या. हातावरचं पाणी ताम्हनात सोडताना मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. चार महिने खीर नाही.

वन्संनी मला पकडलं. पडून राहिलेल्या माणसाचे कान तिखट होतात. एका दुपारी खाटेवरूनच म्हणाली, "वहिनी, डाळ निवडताना पानं उलटतात होय गं?" मी पुस्तक नेऊन तिच्या हातात दिलं. तिने आधी वास घेतला. जिऱ्याचा येतोय म्हणाली. मग म्हणाली, मोठ्याने वाच, मला डोळ्यांवर ताण द्यायचा नाही असं सांगितलंय. असं कुणीही सांगितलं नव्हतं.

तिथून ते दिवस सुरू झाले. आजही श्रावणातली दुपार झाली, कौलांवरचा पाऊस जोरावरून संथावर आला की माझ्या कानात माझाच तेव्हाचा आवाज येतो. आई प्रवचनाला गेलेल्या. दुकानात हे आणि तागडीचा खळखळ आवाज. सिगडीवर टोपलं पालथं घालून त्यावर बाळाच्या लंगोटांची कापडं शेकायला घातलेली. आई आधीच शिवून ठेवत होत्या. पावसाळी धुराचा, हिंगाचा आणि ओल्या गोणपाटाचा वास. त्या वासात मी वाचत असायची आणि वन्सं डोळे मिटून, हात पोटावर ठेवून, कुठल्याशा परदेशी गावातल्या गल्लीतून चालत असायची. पायाला वीट नाही, पोटाला धोका नाही, पाऊस तिथलाही, पण अंगाला न लागणारा.

ती एकटी चालत नसे. निम्मं जव्हार बरोबर घेऊन चालायची. पुस्तकातला बँकेचा साहेब आला की ती म्हणायची, हा आपल्या गल्लीतला पेन्शनर, जो मोजून दोन बटाटे नेतो. पुस्तकातली मेजवानी देणारी मडम म्हणजे तिची मोखाड्याची जाऊ. जिच्या घरी खून व्हायचा ती तर नक्कीच. टोप्या शिवणारी एक जाडी विधवा होती, तीच सगळे गुन्हे शोधायची. तिला वन्संनी आईंचा चेहरा दिला होता. म्हणाली, आईला कुणी विचारलं नाही म्हणून, नाहीतर तिने पोलिसांना घरी बसवलं असतं. तिचा एक ठाम सिद्धान्त होता: जो माणूस कारण नसताना गोड बोलतो त्याच्यावर लक्ष ठेव. "म्हणजे मीच की," मी म्हटलं. "तुझ्यावर तर पहिल्यापासून आहे," ती म्हणाली.

आमच्या पुस्तकांना खोट एकच. रद्दीतली असल्यामुळे कधी मधली पानं नसत, कधी माझा डोळा चुकवून ह्यांच्या हाताला लागत. असंच एक प्रकरण, नेमकं खुनी सांगणारं, चहाच्या पुडीभोवती गेलं. वन्संनी तपास लावला. दुपारी चहा कुणी कुणी नेला ते ह्यांना विचारलं, आणि संशय साखरशेतच्या जमनीवर आला. जमनी आमच्याकडे भाताची आवणी उरकली की पानांत बांधून कर्टुली घेऊन यायची आणि बदल्यात मीठ, चहा, सुकट न्यायची. पुढच्या बाजाराला ती आली तेव्हा मी अंगणातच तिला गाठलं. जमने, तो कागद कुठाय?

"कागूद? तो तं चुलीत गेला, वयनी. चूल मातर बेस पेटली."

आतून वन्सं म्हणाली, पुरावा जाळलास गं. जमनीला काही उमजेना, तेव्हा मी सांगितलं की त्या कागदावर खून करणाऱ्याचं नाव होतं. तिने डोक्यावरची टोपली या हातावरून त्या हातावर घेतली, जरा विचार केला आणि म्हणाली, "मग जळला तं बरा झाला." वन्सं इतकी हसली की मला भीती वाटली. खुनी कोण ते आम्ही मग आपसात ठरवलं. दोघींचं एकमत झालं नाही आणि आठवडाभर आम्ही त्या मेलेल्या माणसावरून भांडलो.

पैजही तिचीच. बाळ यायच्या आत पिंपामागचा सगळा गठ्ठा संपवायचा, एकही गोष्ट उरता कामा नये. नंतर काय वाचायला वेळ मिळणारेय, म्हणाली, नंतर अंगाईच. म्हणजे देवापुढे एक नेम मी खोटा घेतला होता, आणि मागच्या खोलीत हा दुसरा, खरा, चोरटा. खोटा पाळायला काही लागत नव्हतं. खऱ्यासाठी मी स्वयंपाक घाईने उरकायची, निवडणं-टिपणं संध्याकाळवर ढकलायची, घसा बसला तर खडीसाखर चोखायची. त्या चार भिंतींत मला पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं, अजून बोल. शब्द माझे नव्हते, पण आवाज माझा होता. आणि बाळही ऐकायला लागलं होतं. खून झाला की लाथ मारतं गं, वन्सं म्हणायची, नेमकं खुनालाच. हात लावून बघ. मी वाचता वाचता एक हात तिच्या पोटावर ठेवायची. पुस्तकात दार उघडायचं, दिवाणखान्यात कुणीतरी पडलेलं असायचं, आणि माझ्या तळव्याखाली कुणीतरी आतून दार ठोठावायचं.

भाद्रपद गेला. हळव्या भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर आल्या. ढग विरळ झाला आणि दरी पुन्हा जागेवर दिसू लागली. नवरात्र बसायच्या सुमाराची एक दुपार. गठ्ठ्यातलं शेवटून दुसरं पुस्तक होतं. मी वाचत होते आणि वन्संनी माझा हात धरला. म्हणाली, "आज गप्प आहे गं."

मी पुस्तक मिटलं.

पुढचं मी सांगत नाही. दवाखान्यातून तिला आणलं तेव्हा आईंनी सिगडीवरची कापडं आधीच उचलून ठेवली होती. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, जव्हारला वर्षातून थोडेच दिवस पडतं तसं, धुतलेलं. मला वाटलं, देवाला कळतं म्हणाल्या होत्या आई. कळलं. मी सोडायला सांगितलेली गोष्ट सोडली नाही, उलट जिच्यासाठी सोडायची तिच्याच उशाशी बसून, तिच्याच पोटावर हात ठेवून ती केली. माझा यावर विश्वास होता का? कुणी भर चौकात विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण चौकात बोलण्याच्या गोष्टी वेगळ्या आणि पहाटे पोतेरं फिरवताना मनात येणाऱ्या वेगळ्या. त्या दुपारी मी पिंपामागचा सगळा गठ्ठा काढला, वाचलेली न वाचलेली सगळी पुस्तकं, आणि दुकानात ह्यांच्यापुढे नेऊन ठेवली. पुड्यांना घ्या म्हटलं.

चार-आठ दिवसांनी वन्सं खाटेवर उठून बसायला लागली. विटा काढल्या होत्या. मी पेज घेऊन गेले तर म्हणाली, "वहिनी, त्याचं पुढचं वाच ना." मी म्हटलं, पुस्तकं संपली, पुड्या झाल्या. ती माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे वळली. मी पेजेची वाटी तिथेच ठेवून आले.

आईंनी नेम मोडला नाही. शेजारणी म्हणाल्या, आता चहा घ्या हो, आता कशासाठी? आई म्हणाल्या, "नेम देवाशी केला होता, नातवाशी नाही." भातकापणी झाली, खळी सारवली गेली, दिवाळी नुसती पणत्यांची झाली. कार्तिकी झाली, द्वादशीला पारणं. आईंनी चहाचा पहिला घोट घेतला आणि कप बाजूला ठेवला, चव गेलीय म्हणाल्या. मग स्वतःच्या हाताने माझ्या पानात खिरीच्या दोन वाट्या वाढल्या. तुझाही नेम पुरा झाला, म्हणाल्या. मी दोन्ही वाट्या पुसून खाल्ल्या. ती शिक्षा आहे असं वाटलं आणि पुरेशी नाही असंही वाटलं.

मग मी खरोखरच सोडलं. रहस्यकथा हातात धरली नाही. दुकानात रद्दी आली की गठ्ठ्याकडे पाठ करून उभी राहायची. काही वर्षांनी कागदाच्या जागी प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि प्रश्नच मिटला. वन्सं मोखाड्याला गेली. पुन्हा तिला दिवस राहिले नाहीत. पुढे ती अंगणवाडीत लागली. तिथली पोरं तिच्या पदराला लोंबकळत असतात म्हणे. मी कधी जाऊन पाहिलं नाही. लग्नकार्यात भेटायचो. ब्लाउजपीस देऊ, तब्येत विचारू, पाऊस कसा आहे ते सांगू. जव्हारला जास्त की मोखाड्याला, यावर दोन वाक्यं. थोड्याच वाटेचं अंतर, पण मी कधी मुक्कामाला गेले नाही. तिच्या उशाशी बसायची माझी लायकी नाही असं मला वाटायचं. आई गेल्या तेव्हा सुतकातही आम्ही दोघी कामं वाटून घेऊन वेगवेगळ्या खोल्यांत राहिलो. लोक म्हणाले, नणंद-भावजय किती समंजस, एका शब्दाने वाद नाही.

आणि आता हे लेकीचं चॅलेंज. फोन ठेवल्यावर दोन दिवस मी दूध उतू जात असल्यासारखी घरभर फिरले. तिसऱ्या दिवशी निरोप आला, वन्सं अंगणातल्या शेवाळावरून घसरली, घोट्याला प्लास्टर घातलंय. हे म्हणाले, दुकान सोडून मला जाता येणार नाही, तू बघून ये. मी पिशवी भरली. एक दिवसाचे कपडे भरता भरता चार दिवसांचे भरले.

जीपच्या काचेवर ढग बसला होता. वाटेत कुठे उतारावर नागलीची रोपं लावणाऱ्या बायकांच्या पाठी दिसायच्या, डोक्यावर इरलं म्हणून प्लास्टिकचा निळा कागद, आणि पुन्हा सगळं पुसलं जायचं. अशा धुक्यात गाडी चालते की डोंगर चालतात ते कळत नाही. मला वाटलं, मी मोखाड्याला जात नाहीये, त्या मागच्या खोलीतच परत चाललेय, फक्त जायला इतकी वर्षं लागली.

वन्सं खिडकीशी खाटेवर, पाय उशीवर ठेवून बसली होती. केस पांढरे, चेहरा आईंसारखा होत चाललेला. आलीस होय, म्हणाली, ढगाबरोबर तुलाही धाडलं वाटतं दादाने. जेवणं झाली. तिचे यजमान कामावर गेले. मी कर्टुल्यांच्या बिया काढत खाली बसले. पाऊस जोरावरून संथावर आला. आणि मला माझा आवाज ऐकू आला.

मी म्हटलं, वन्सं, मला खीर कधीच आवडत नव्हती.

मग सगळंच सांगितलं. पळीभर पाणी, पिंपामागची पुस्तकं, मनात धरलेलं, जिभेवर आलेलं. खिरीचं ऐकून ती आधी हसली. अगं, आई जाईपर्यंत तुझ्या पानात दोन वाट्या होत्या, खाल्ल्यास? खाल्ल्या, मी म्हटलं. ती अजूनच हसली, पाय दुखला म्हणून कण्हली, पुन्हा हसली. मग मी पुढचं सांगितलं, त्या नवरात्रापासून आजवर मी काय मानत आले ते. तिचं हसू अर्ध्यावर राहिलं.

मी बिया काढत राहिले, संपल्या तरी काढत राहिले.

"म्हणजे माझं बाळ तुझ्या खिरीपायी गेलं," ती म्हणाली.

"तसं नाही हो, वन्सं..."

"तसंच म्हणतेयस." आवाज चढला नव्हता. "नाळेचं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावून सांगितलं, यांनाही सांगितलं. तुला नाही सांगितलं, कारण तू विचारायला आली नाहीस. वाटी ठेवायचीस आणि जायचीस."

मी मान खाली घालून ऐकत होते. ती खिडकीबाहेर बघून बोलत होती, जशी मी पूर्वी पुस्तकात बघून बोलायची. म्हणाली, सगळे मला देव सांगत होते, नशीब सांगत होते. आईपुढे रडावं तर ती माझ्याहून जास्त रडायची. मला दुपारपुरतं त्या गावात जायचं होतं, जिथे मेलेल्याचं काय झालं ते शेवटी कुणीतरी नीट सांगतं. म्हणून तुला म्हटलं, पुढचं वाच.

मी म्हटलं, मला वाटलं, निदान आता तरी खरं काही सोडावं.

"सोडलंस की," वन्सं म्हणाली. "मला सोडलंस."

कर्टुल्यांचा चीक बोटांना लागला होता. मी पदराला हात पुसले. इतक्या गोष्टी वाचल्या, इतके खुनी ओळखले, आणि स्वतःच्या घरात मी सगळी वर्षं भलत्याच खोलीत शोधत बसले होते. देवाला मी फसवलं असेन नसेन, त्याचं तो बघेल. पण पलीकडच्या खोलीत एक बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि तिच्याकडे पाठ फिरवण्याला मी प्रायश्चित्त म्हणत होते. चुकले, असं मी म्हटलं. ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. तिने, असू दे, म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असं मलाही वाटलं नाही.

खिडकीतून ढग आत आला. आधी गजांवर थबकला, मग टेबलावरच्या औषधांवरून, पाण्याच्या तांब्यावरून सरकत आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसला. तिचा चेहरा अर्धाच दिसत होता, त्यामुळे वय दिसत नव्हतं.

"हल्ली फोनमध्ये असतात म्हणे पुस्तकं," तिने विचारलं.

लेकीने या महिन्याचं पुस्तक पाठवून ठेवलं होतं. मी उघडलंच नव्हतं. आता चष्मा लावला, दोन बोटांनी अक्षरं मोठी केली, खाटेच्या कडेला बसले. घसा खरखरला. पहिलं वाक्य दोनदा चुकलं. कुठल्याशा डोंगरी गावात बर्फ पडत होता आणि सकाळी सकाळी पोस्ट उघडायला आलेल्या बाईला पायरीवर कुणाचा तरी एकच बूट दिसला. वन्सं म्हणाली, सावकाश. मी सावकाश वाचू लागले. बुटापासून पावलं निघाली, पावलं ओढ्याकडे गेली, गावात चहाची आधणं चढली. आवाज हळूहळू आपल्या वाटेला लागला. बाहेर कौलांच्या वळचणीचं पाणी बादलीत पडत होतं आणि बादली केव्हाच भरून वाहत होती.

थोड्या वेळाने पाहिलं तर तिने डोळे मिटले होते.

झोपलात का, मी विचारलं. ऐकतेय, ती म्हणाली. दमलात तर थांबू का, मी विचारलं.

तिचा हात ढगातून चाचपडत आला आणि माझ्या गुडघ्यावर पडला, उबदार, जड. मी थांबले नाही. पुढचं पान सरकवलं आणि वाचत राहिले.